१९ सप्टेंबरची बस: सान जेन्नारो, मलबेरी स्ट्रीट

नितीन (खजिनदार): मंडळी, न्यूयॉर्कच्या लिटिल इटलीतल्या सान जेन्नारो जत्रेसाठी उद्या रात्रीपर्यंत आकडा हवा. शनिवार, १९ सप्टेंबर. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ५६ सीटची बस, बस कंपनीचा कोट १,६८० डॉलर. बस भरली तर माणशी ३०, ४२ जणच आले तर ४०. ड्रायव्हरची टिप माणशी ३ धरा, ती वेगळी.

माधुरीताई: अहो, पण गणपती! १४ ला चतुर्थी, २५ ला अनंत चतुर्दशी. ज्यांच्याकडे दहा दिवस असतात त्यांनी काय करायचं? आदल्या शनिवारी नाही का जमणार?

कुलकर्णी काका: जमेल, पण मग मूर्तीची मिरवणूक हुकेल. सान जेन्नारो म्हणजे नेपल्सचं ग्रामदैवतच म्हणा, आणि १९ सप्टेंबर हा त्याचा दिवस. नेपल्सहून आलेल्या लोकांनी १९२६ मध्ये मलबेरी स्ट्रीटवर हा उत्सव सुरू केला, तेव्हा तो एका दिवसाचा होता. आता ११ दिवस चालतो. यंदा शंभर वर्षं झाली. मोस्ट प्रेशियस ब्लड चर्चमध्ये मास (सामूहिक प्रार्थना) झाला की मूर्ती रस्त्यावर निघते आणि लोक तिच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात. बाकीचे दिवस मुख्यतः खाणं आणि फुगे फोडणं. म्हणून १९ च. फक्त मासची वेळ यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा आणि मगच परतीची वेळ बस कंपनीला लेखी द्या.

माधुरीताई: बरं. आरतीला आठपर्यंत घरी पोचवा म्हणजे झालं.

प्राची: नितीनदादा, कोटमध्ये टोल धरलाय का ते आधी विचारा. टर्नपाइकचा वेगळा, हॉलंड टनेलचा वेगळा, आणि जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला कंजेशनचा (गर्दीचा) टोल. शनिवार-रविवारी त्याचा महाग दर सकाळी ९ ते रात्री ९ असतो, म्हणजे आपण त्यातच. "टोल आणि पार्किंगसह" असं शब्दांत लिहून घ्या. नंतर बिलात स्वतंत्र ओळ निघते आणि मग ग्रुपवर वाद.

नितीन (खजिनदार): विचारतो. एक सुचवणी आली होती की शेगडी आणि छोटं सिलिंडर घेऊन जाऊ, चहा करू.

प्राची: अजिबात नको. टनेलमधून प्रोपेन न्यायला बंदी आहे. थर्मास आणा.

बसचं अजून एक. मलबेरी कॅनॉलपासून हाउस्टनपर्यंत बंद असते (ह्यूस्टन नव्हे, हाउस्टन, तिथे ह्यूस्टन म्हटलं की लोक हसतात). बस आपल्याला कॅनॉलजवळ सोडून निघून जाणार, दिवसभर तिथे उभी राहणार नाही. शहरात इंजिन चालू ठेवून ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर दंड होतो. त्यामुळे घ्यायला येताना "दोन जण येतायत, थांबा" चालत नाही. बस यायच्या १५ मिनिटं आधी आपण फुटपाथवर मोजून उभे असायला हवं.

समीर: भेटायची जागा ग्रँड आणि मलबेरीचा कोपरा ठेवू का? सगळ्यांना सापडतो.

प्राची: सगळ्यांना सापडतो हीच अडचण आहे. फेरारा बेकरी तिथेच आहे, दुपारनंतर त्या कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पेट्रोसिनो स्क्वेअर घ्या, लाफायेटवरचा त्रिकोणी चौक. केनमेअर स्ट्रीटवरून पश्चिमेला दोन-तीन मिनिटं. बसायला बाक आहेत, गर्दी कमी.

दिवसही तसाच आखा. साडेअकराला दक्षिण टोकापासून सुरुवात. कॅनॉल ते ग्रँड हा पट्टा सगळ्यात दाटीचा, तो एकच्या आत उरकायचा. मग वर वर सरकत जायचं, केनमेअरच्या पुढे रस्ता मोकळा होतो. शेवट आपोआप पेट्रोसिनोजवळ. उलटं केलंत तर दोन-तीनच्या सुमाराला स्ट्रोलर घेऊन गर्दीत अडकाल, आणि तिथून मागे फिरता येत नाही. मिरवणूकही वरच्या पट्ट्यातूनच बघा.

रेवा: टॉयलेट?

प्राची: उतरल्यावर आधी कोलंबस पार्क, बेयर्ड स्ट्रीटला, कॅनॉलच्या खाली. आत गेल्यावर शोधत बसू नका.

माधुरीताई: आता मुख्य प्रश्न. गणपतीत आमच्याकडे अंडंसुद्धा नाही. काय खायचं तिथे?

अनघा: ताई, सविस्तर सांगते, कारण पाटीवर "व्हेजिटेबल" लिहिलेलं पुरत नाही.

झेपोले: आपले गुलगुलेच. मैदा, पाणी, यीस्ट, तळून वर पिठीसाखर. रस्त्यावरच्या स्टॉलवर बहुतेकदा अंडं नसतं, पण रिकोटा (मऊ ताजं चीज) घातलेल्यांत असू शकतं. दोन प्रश्न विचारा: पिठात अंडं आहे का, आणि याच तेलात दुसरं काय तळता? तेल महत्त्वाचं.

कानोली: रिकोटा भरलेली तळलेली नळी. जुन्या पद्धतीत नळीच्या पिठाला डुकराच्या चरबीचं मोहन असतं, मार्साला वाइन असते, आणि कड चिकटवायला अंड्याचं पांढरं. आता बऱ्याच जागी वनस्पती तूप वापरतात, पण कडक पाळणाऱ्यांनी सोडून द्या. तोर्रोने या मध-बदामाच्या मिठाईतही अंड्याचं पांढरं असतं.

"फक्त सिमला मिरची आणि कांदा द्या" हे सॉसेजच्या स्टॉलवर म्हणू नका. त्याच तव्यावर, सॉसेजच्या सुटलेल्या चरबीत परतलेलं असतं. वास येतोच. राइस बॉलमध्ये बहुतेक वेळा खिमा असतो.

आणि "ग्रेव्ही" ऐकून फसू नका. इटालियन-अमेरिकन घरात ग्रेव्ही म्हणजे मांस घालून तासन्‌तास शिजवलेला टोमॅटो सॉस. आपल्याला "मरिनारा" हवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो. पार्मेझान वरून भुरभुरू देऊ नका. खऱ्या पार्मिजानो रेजानोला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) लागतंच.

बिनधास्त: लेमन आइस, भाजलेलं कणीस (बटर चालत असेल तर), मरिनारातला पास्ता. चीज चालणाऱ्यांना साधा पिझ्झा.

माधुरीताई: म्हणजे डबा न्यायचा 😄

अनघा: थेपले आणि लेमन आइस, उत्तम बेत.

बाकीच्यांसाठी: झेपोले कागदी पिशवीत देतात. पिशवी हलवून साखर सगळीकडे लावा, पण तोंड मुडपू नका. वाफ आत कोंडली की पाच मिनिटांत साखर विरघळून चिकट लगदा होतो. खाताना श्वास आत ओढू नका, ठसका लागतो. काळे कपडे नकोत. कानोली आधीच भरून मांडलेली घेऊ नका, रिकोटाचं पाणी नळीत मुरून ती चामट होते. समोर भरून देणारा स्टॉल बघा. घरी आणायची तर नळ्या वेगळ्या, सारण वेगळं आणि बर्फाची पिशवी.

नितीन (खजिनदार): बसमध्ये पिठीसाखर नको. सीट साफ करायचे पैसे आपल्याच डिपॉझिटमधून जातील.

समीर: कार्ड चालतं का?

अनघा: सगळीकडे नाही. ५ आणि १० च्या सुट्या नोटा माणशी ४० डॉलरपर्यंत. खेळांचे स्टॉल वेगळे. मुलांना आधीच आकडा सांगून ठेवा, "अजून एक बॉल" संपत नाही.

कुलकर्णी काका: ज्यांना खांद्यावर मनोरा नाचवलेला बघायचाय त्यांनी यात शोधू नये. तो जुलैत, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गला. जिलिओ म्हणतात. वर बँड बसवून शंभरावर माणसं उचलतात.

रेवा: कोणाची बस चुकली तर?

प्राची: कॅनॉल स्टेशनवरून सबवेची एन, क्यू किंवा आर, उत्तरेला. ३४ व्या रस्त्याला उतरून चालत पेन स्टेशन. तिथून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी, एडिसन किंवा मेट्रोपार्क.

रेवा: आमचे तीन. एक स्ट्रोलर.

नितीन (खजिनदार): घडीचा?

रेवा: घडीचा.

नितीन (खजिनदार): मग खालच्या डिकीत. ३८ झाले.