खरोलिका, चकती आणि 'पहिला सिनेमा'

भिंगवाला: काल इथे कुणी लिहिलं, "१८९२ मध्ये कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी शांबरिक खरोलिका दाखवून सिनेमाचा शोध लावला. दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकते म्हणून, चित्र हलतं, बस." त्या 'बस'ने राहवेना. खरोलिका म्हणजे मॅजिक लँटर्न, काचेवरचं चित्र दिव्याने पडद्यावर पाडणारं यंत्र. काचेवर हाताने रंगवलेली पात्रं, एकाहून जास्त दिवे. या काचेवरून त्या काचेवर गेलं की पात्राचा पवित्रा बदलायचा. कसब अफाट, वादच नाही. पण चित्र हलवायची युक्ती साठ वर्षं आधीची. १८३२ च्या सुमारास बेल्जियमचे प्लॅटो आणि व्हिएन्नाचे श्टाम्फर, दोघांनी आपापल्या परीने फटींची चकती केली: तिच्यावर चित्रं काढायची, ती फिरवायची आणि फटीतून आरशात बघायचं.

कल्याणकर: परदेशी नाव दिसलं की झाली मान खाली! ती चकती एकट्याने आरशासमोर धरून बघायची. पटवर्धनांचा खेळ अख्खी सभा बघायची. आमचे पणजोबा तो बघून घरी आले आणि रात्री उशिरापर्यंत कंदिलापुढे हात नाचवत भिंतीकडे बघत बसले. हा सिनेमा नाही तर काय?

भिंगवाला: मग पॅरिसच्या रेनोंचं काय? त्याच १८९२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रंगवलेल्या शेकडो चित्रांची पट्टी आरशांच्या चक्रावरून पडद्यावर पाडली. सभा तिथेही होतीच.

विज्ञानाच्या बाई: मला त्या दृष्टिसातत्याचं बोलायचंय. बावीस वर्षं मी तेच शिकवलं. एका मुलीने प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याची चकती केली, १२ फटी, १२ घोडे. आरशासमोर धरून फटीतून पाहिलं तर घोडा दौडतोय. मग तिने चकतीच्या कडेवरून थेट आरशात पाहिलं. नुसता करडा पट्टा! "बाई, प्रतिमा डोळ्यात टिकते म्हणून घोडा पळतो ना? मग आता का नाही पळत?" मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त अभियंता: म्हणजे आमच्या पिढ्यांनी खोटं पाठ केलं? प्रतिमा टिकली नाही तर दोन फटींमधला अंधार डोळ्यांत खुपेल. शिक्षकांनीच असं बोलावं, कमाल आहे!

विज्ञानाच्या बाई: लुकलुक कमी जाणवते, तेवढं मान्य. हालचालीचं बोला. प्रतिमा टिकून राहिल्या तर बारा घोडे एकावर एक चढतील. फट प्रत्येक घोडा क्षणभरच, स्वच्छ दाखवते. मधली दौड मेंदू भरतो. मानसशास्त्रज्ञ वेर्थहायमरांनी १९१२ मध्ये नुसत्या आळीपाळीने दाखवलेल्या रेघांवर हे दाखवलंय. आणि कमाल वगैरे शब्द जपून वापरा.

निवृत्त अभियंता: बरं, हालचाल मेंदूची. पण 'खोटं' म्हणू नका, 'अर्धवट' म्हणा.

कल्याणकर: थांबा! दोन काचा, दोन पवित्रे, मधली हालचाल बघणाऱ्याच्या मेंदूत. मग आमची खरोलिका बाहेर का?

भिंगवाला: ...हा मुद्दा आहे खरा. हालचाल तिथेही होती. पण 'शोध लावला' हे शब्द काढा.

कल्याणकर: 'शोध' काढतो. 'सिनेमा' काढणार नाही.