साइनचं कोसाइन: ९० मधून वजा केलं की झालं?

बॅचवाले सर, दादर: अकरावीची पोरं त्रिकोणमितीत साइनचं कोसाइन करताना आकृत्या काढत बसतात. अरे, ९० मधून कोन वजा करा, नाव बदला, पुढचं गणित घ्या. सीईटीत 'का' विचारत नाहीत.

वेसावकर: सर, नियम सगळ्या कोनांना लागतो, वाद नाही. पण या 'पुढचं गणित घ्या'नेच माझा घात केलाय. क्लासमध्ये सूत्रं घोकून घेतली, चरण, म्हणजे वर्तुळाच्या कुठल्या चौथ्या भागात कुठलं चिन्ह येतं, ते कोणी दाखवलेच नाहीत. बारावीला १२० अंशांचा कोसाइन साइनवरून वर्गमूळ काढून लिहिला: अर्धा. उत्तर होतं उणे अर्धा.

आमच्या घरी होड्या. पूर्ण भरतीपासून घड्याळ लावा, पाण्याची उंची कोसाइन. पाणी चढताना मधल्या पातळीला येतं तिथून लावा, तेच पाणी साइन. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ही वेळ भरतीच्या ३ तास ६ मिनिटं आधी. तुमचे ९० अंश ते हेच. आणि कोसाइनच्या कोनात ९० मिळवले तर उणे साइन, मधल्या पातळीवरून उतरणारं पाणी. हे दिसलं की चिन्ह चुकत नाही.

बॅचवाले सर: वा! आणि पोर्शन तुमच्या होडीतून संपवू? मुंबईत दिवसाच्या दोन भरत्या सारख्या तरी असतात का?

वेसावकर: नसतात, कबूल. म्हणून तर भरतीची कोष्टकं अनेक कोसाइनांची बेरीज करून बनतात.

कोटिकोन: मराठीत शिकवलं असतं तर ही पोस्टच आली नसती. साइन म्हणजे ज्या, कोसाइन म्हणजे कोज्या, आणि ९० पुरे करायला जो कोन लागतो तो कोटिकोन. कोज्या म्हणजे कोटिकोनाची ज्या. नावातच ९० बसलेत! आर्यभटाची ज्या अरबीत 'जीबा' झाली, ते कोणीतरी 'जैब', म्हणजे कपड्याची घडी, असं वाचलं, त्याचं लॅटिनमध्ये भाषांतर 'सायनस'. आपलीच पोरगी विलायतेहून परत आली आणि आपण तिला ओळखत नाही.

लेकीची आई, कांदिवली: ओळखून करायचं काय? दहावीला माझे कोटिकोन तोंडपाठ होते. अकरावीला 'कॉम्प्लिमेंटरी' ऐकलं आणि दोन महिने वर्गात तोंड उघडलं नाही. लेकीला सेमी इंग्रजीत घातलंय, नावं ठेवायची तर ठेवा.

कोटिकोन: ताई, दोन्ही शब्द शेजारी लिहायचं काम कॉलेजचं होतं. त्यासाठी भाषा का सोडायची?

लेकीची आई: भाषा सोडली कोणी? घरात काय फ्रेंच बोलतो? तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते सांगा आधी.

कोटिकोन: तो प्रश्न इथे गैरलागू आहे.

वेसावकर: म्हणजे इंग्रजी.

कोटिकोन: बायकोचा निर्णय होता.

लेकीची आई: हो का! आमच्याकडे मात्र मी भाषा सोडली.

बॅचवाले सर: धागा साइनचा होता, मंडळी. बरं, 'कोटिकोनाची ज्या' उद्या फळ्यावर लिहितो, दोन मिनिटांचं काम. होडी आणणार नाही. वेसावकर, त्या उणे अर्ध्यापायी गुण किती गेले?

वेसावकर: एक. पण बापाने सुट्टीभर फाटकी जाळी शिवायला बसवलं.