विषय: म्हाळुंगे की कोथरूड? शनिवारपर्यंत निर्णय हवा आहे

प्रेषक: ग्रंथालय विभागाच्या वहिनी

स. न. वि. वि.

आम्ही जूनमध्ये नेदरलँड्समधले आइंडहोव्हन सोडून पुण्याला कायमचे परत जात आहोत, हे बहुतेकांना आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात कळलेच आहे. माझ्या भावाने म्हाळुंग्यात भाड्याचा एक फ्लॅट पाहिला आहे. मालकांना शनिवारपर्यंत टोकन हवे आहे, नाहीतर ते दुसऱ्या कुटुंबाला होकार कळवणार आहेत. ह्यांचे ऑफिस हिंजवडीला आहे आणि आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष जावे लागणार आहे. सासू-सासरे सदाशिव पेठेत राहतात आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही त्या दोघांची तिथून हलण्याची अजिबात तयारी नाही.

फ्लॅट हवेशीर आहे, भाडे आवाक्यातले आहे. मात्र पाण्याबद्दल विचारले की मालक ‘ते सोसायटी बघते’ एवढेच सांगतात. तिथे पाण्याची खरी परिस्थिती काय आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी म्हाळुंगे सोडून कोथरूडला घर पाहावे का, हे परत गेलेल्या मंडळींनी कृपया सांगावे. मुलीच्या शाळेबद्दल मी स्वतंत्रपणे लिहीन.

आपली,
ग्रंथालय विभाग

---

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या बालेवाडी

वहिनी, नमस्कार.

म्हाळुंगे 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या तेवीस गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आले. हद्द एका आदेशाने वाढते, पण जलवाहिन्या आणि टाक्या व्हायला वर्षे लागतात. अशा भागात इमारतीला परवानगी देताना, महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे हमीपत्र बिल्डरकडून घेतलेले असते. बिल्डर इमारत सोसायटीच्या ताब्यात देऊन निघून गेला की ती जबाबदारी कोणाची यावर भांडण सुरू होते आणि तोपर्यंत टँकरचे पैसे सभासद भरत राहतात. म्हणून ‘पाणी आहे का’ असे विचारू नका, कारण पाणी सगळीकडे ‘असते’. आपल्या भावाला सोसायटीच्या कार्यालयात पाठवा आणि मागच्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिले पाहायला सांगा, कारण पावसाळ्यातली बिले पाहून काहीच समजत नाही. महापालिकेचे पाणी, बोअरवेल आणि टँकर यांचा वाटा किती आहे, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा आकारतात, आणि तो भाडेकरूने भरायचा की मालकाने, हे लेखी घ्या.

तरीही माझे मत म्हाळुंग्याच्या बाजूने आहे. मुळा नदी ओलांडली की हिंजवडी, हा त्या जागेचा मोठा गुण आहे. मी परत आलो तेव्हा नातेवाईक जवळ हवेत म्हणून सिंहगड रस्त्याला राहिलो. रोज संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत मुले जेवून झोपायच्या बेतात असत. नातेवाईकांकडे जायला उरत होता तो फक्त रविवार, आणि रविवारी बालेवाडीहूनही जाता येते. शिवाजीनगर ते हिंजवडी हा 23 किलोमीटरचा मेट्रोमार्ग म्हाळुंगे-बालेवाडीच्या बाजूनेच नेलेला आहे, हेही लक्षात घ्या. घर निवडताना कमावत्या माणसाच्या प्रवासाचा विचार आधी करावा, कारण घरातल्या सगळ्यांचे वेळापत्रक शेवटी त्यावरच बेतले जाते.

---

प्रेषक: आपल्या अध्यक्षांचे वडील, गोखलेनगर

चि. सौ. वहिनींस अनेक आशीर्वाद.

खजिनदारसाहेबांचा हिशेब नेहमीप्रमाणे चोख आहे, पण त्यात सासू-सासरे कोठेच आले नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या घरच्यांनी गोखलेनगर निवडलेले नव्हते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासलाही फुटले, आणि आमची नारायण पेठेतली राहती जागा गेली. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर मी तिथे गेलो होतो. आईचा तांब्याचा बंब चिखलात आडवा पडलेला होता, आणि ज्या कोठीत वर्षाचे तांदूळ भरून ठेवलेले असत, त्या कोठीत कडेपर्यंत काळा गाळ होता. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यात आम्हाला इथे जागा मिळाली. तेव्हा ही गावाबाहेरची, टेकडीच्या पायथ्याची उजाड जमीन होती आणि आई कित्येक महिने पेठेकडे तोंड करून रडत असे. शेजारीपाजारी सगळेच पुरातून आलेले. कोणाकडे परात नव्हती, कोणाकडे शेगडी नव्हती, त्यामुळे एकमेकांकडे मागितल्याशिवाय दिवस जातच नसे, आणि त्या मागण्यातूनच ही वस्ती आमची झाली.

पुढे मुलाने बाणेरला मोठा फ्लॅट घेतला आणि तिथे येऊन राहण्याचा आग्रह केला. मी नाही म्हणालो, त्याचे कारण जुन्या आठवणी हे नव्हे. इथून वेताळ टेकडीवर मी पायी जातो, औषधाच्या दुकानातला मुलगा माझी चिठ्ठी न पाहता गोळ्या काढून देतो, आणि दोन दिवस दिसलो नाही तर कोणीतरी दार वाजवते. बाणेरच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, जिम आहे, पण माझे दार वाजवणारे तिथे कोणी नाही. आपल्या सासूबाई सदाशिव पेठ सोडत नाहीत ती याच हिशेबाने, तो हट्ट समजू नये. त्या हलणार नसतील तर आपण त्यांच्या जवळ यावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष कोणीतरी पटकन येऊ शकण्याचे असते, रविवारी येण्याचे नव्हे.

लोभ आहेच, तो वाढावा.

---

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांना नम्र सूचना. कालपासून तिघांनी या विषयाखाली स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या रिकाम्या फ्लॅटची माहिती पाठवली आहे. घरांच्या जाहिराती या यादीवर घेत नाही, हा कार्यकारिणीचा जुना नियम आहे आणि तो मागच्या वर्षी झालेल्या मनस्तापानंतर अधिक काटेकोरपणे पाळायचे ठरले आहे. ज्यांना फ्लॅट सुचवायचा आहे त्यांनी वहिनींना थेट कळवावे. कोठे राहावे आणि का, ही चर्चा मात्र जरूर चालू ठेवावी, कारण येत्या वर्षभरात आणखी काही कुटुंबे परत जाण्याच्या तयारीत आहेत.

---

प्रेषक: नाट्यविभागाच्या ताई, सध्या कर्वेनगर

काकांनी 1961 चा उल्लेख केला म्हणून त्यालाच जोडून लिहिते. पूर ही पुण्यात केवळ आजोबांच्या पिढीची गोष्ट राहिलेली नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, आणि 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. माझी मावशी त्याच परिसरात तळमजल्यावर राहते. तिच्या फ्रिजची मोटर, गाद्या आणि कागदपत्रांची सुटकेस एका सकाळीत गेली. त्या सुटकेसमध्ये मामांच्या पेन्शनची मूळ कागदपत्रे होती.

म्हणून, वहिनी, म्हाळुंग्याचा असो की कोथरूड-कर्वेनगरचा, फ्लॅट नदीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला असेल तर पूररेषा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, आणि विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दोन्ही दिसतात. दलाल ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त भाडे सांगतो, तेव्हा पार्किंग कोणत्या पातळीवर आहे आणि विजेचे मीटर कुठे बसवले आहेत हे स्वतः उतरून पाहावे.

दुसरे असे की, शनिवारची घाई मालकांची आहे, आपली नव्हे. करारही नीट करून घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करावीच लागते, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नुसते नोटरी करू’ म्हणणाऱ्या मालकाचे घर कितीही हवेशीर असले तरी मी घेणार नाही.

---

प्रेषक: क्रीडा विभाग, सध्या वाकड

ही चर्चा सुरू झाल्यापासून पुणे म्हणजे फक्त मुठेकाठ, असे गृहीत धरून सगळे लिहीत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. हिंजवडीच्या नोकरीसाठी वाकड हा सरळ पर्याय आहे आणि त्याचे नावही कोणी घेतले नाही. आम्ही पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतो, आमचे पाणी पवना धरणाचे आहे. नोव्हेंबर 2019 पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी येते हे मी लपवत नाही. पण ज्या दिवशी यायचे त्या दिवशी येते, आणि सोसायटीची टाकी त्या बेताने बांधलेली असली तर घरात ते जाणवतही नाही. दिवसाआड आणि टँकर यांत फरक करायला हवा, कारण दिवसाआड पाण्यात ठरलेले वेळापत्रक असते, आणि टँकर मात्र रोज फोन करून मागवावा लागतो.

ताईंच्या कराराच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. काकांच्या पत्राबद्दल मात्र आदराने सांगतो की, दार वाजवणारे शेजारी वाकडलाही होतात. आमच्या इमारतीत नागपूर, कोल्हापूर, इंदूर, विजयवाडा अशी सगळीकडची मंडळी आहेत. कोणाचेच नातेवाईक जवळ नाहीत, त्यामुळे मध्यरात्री रुग्णालयात न्यायचे झाले तर शेजारीच गाडी काढतो. काकांच्या वस्तीत हे पुरामुळे झाले, आमच्याकडे नोकऱ्यांमुळे.

---

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या बालेवाडी

वाकडच्या मित्रांना उत्तर. दिवसाआड पाणी आणि टँकर यांतला फरक मान्य आहे, पण तो इमारतीगणिक बदलतो, भागागणिक नव्हे. वाकडमध्येही टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत आणि बालेवाडीतही नळावर भागणाऱ्या आहेत. माझा बिलांचा आग्रह त्यासाठीच होता.

काकांच्या पत्रानंतर मी घरी यावर बराच वेळ बोललो. माझे आई-वडील माझ्याबरोबर राहतात, म्हणून माझ्यासाठी ऑफिस आणि घर एवढीच दोन टोके उरली होती. वहिनींकडे ती तीन आहेत, आणि तिसरे टोक हलत नाही. अशा वेळी आठवड्यात कोण किती वेळा कुठे जाणार हे कागदावर मांडावे. ह्यांच्या हिंजवडीच्या फेऱ्या तीन ठरलेल्या आहेत. पेठेतल्या फेऱ्या, औषधे, फिजिओथेरपी आणि मुलीला आजी-आजोबांकडे सोडणे धरले तर, पाचाच्या खाली येणार नाहीत असे मला वाटते.

---

प्रेषक: ग्रंथालय विभागाच्या वहिनी

सर्वांना नमस्कार.

खजिनदार भाऊजींनी सांगितले तसे आम्ही कागदावर मांडले, आणि निर्णय पाण्यावर झालाच नाही. भावाने सोसायटीत जाऊन विचारले तेव्हा उन्हाळ्याची बिले दाखवायला त्यांनी नकार दिला नाही. खर्च जास्त आहे, पण आम्हाला पेलण्यासारखा आहे. पाणी एवढाच प्रश्न असता तर आम्ही टोकन दिले असते.

सासूबाईंना फोनवर मी पहिल्यांदाच सरळ विचारले की आम्ही कुठे राहिलो तर तुम्हाला बरे पडेल. त्यांनी आधी ‘तुमच्या सोयीने पाहा’ म्हटले, आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या की सासऱ्यांना हल्ली रात्री रिक्षा ठरवायला जमत नाही, पण हे कोणाला सांगायचे नाही असे त्यांनी बजावले आहे. ह्यांनी ते ऐकल्यावर म्हाळुंग्याचा विषय संपला.

पेठेतच राहावे असे दोघांनी सुचवले होते, परंतु गाडी लावायला जागा आणि लिफ्ट दोन्ही असलेले घर तिथे आमच्या भाड्यात मिळत नाही. म्हणून कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या बाजूला, वनाज स्थानकाच्या आसपास घर शोधत आहोत. ह्यांना चांदणी चौकातून बायपासने हिंजवडी गाठता येईल. मला वनाजहून मेट्रोने डेक्कनला उतरून पेठेत जाता येईल, आणि 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईलाही उतरता येते. ह्यांचा प्रवास लांबणार आहे हे दिसतेच आहे, पण तो आठवड्यातले तीन दिवस आहे आणि त्यांनी तो स्वतःहून मान्य केला आहे.

वाकडच्या भाऊजींचे म्हणणे आमच्या घरी सगळ्यांना पटले. सासू-सासरे पुण्यात नसते तर आम्ही तिकडेच आलो असतो.

मालकांना आज सकाळी नकार कळवला आहे. कार्यवाहांच्या नियमाचा मान ठेवून विनंती करते की, वनाज किंवा आनंदनगर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, ओढ्यापासून दूर आणि नोंदणीकृत करार करायला तयार असलेल्या मालकाचे दोन बेडरूमचे घर कोणाला माहीत असेल तर मला थेट कळवावे. सासूबाई कधी राहायला आल्या तर त्यांना वापरता येईल असे कमोडचे स्वच्छतागृह हवे, आणि त्याच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवायला मालकांची हरकत नसावी.

आपली,
ग्रंथालय विभाग