मदत हवी आहे: पावसात चालणाऱ्या टोयोटा ८६ला टायर कोणत्या मापाचे घ्यावेत, २०५, २१५ की २२५?

मंडळी, टायरच्या मापावर अडलोय. गाडी टोयोटा ८६ ही छोटी स्पोर्ट्स कार, २०१३ची, मागच्या चाकांना ताकद जाणारी. माझ्याकडे येऊन वर्ष झालं. इथे पाऊस भरपूर असतो आणि ही माझी रोजची गाडी आहे. ट्रॅकवर कधी नेली नाही, न्यायचीही नाही.

आधीच्या मालकाने कंपनीचे ७ इंच रुंदीचे रिम काढून ८ इंची रिमवर २४५/४०आर१७ टायर (रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिमचा व्यास १७ इंच) चढवले होते. कोरड्या रस्त्यावर गाडी मस्त चालते, यात वाद नाही. पण मागच्या आठवड्यात मुसळधार पावसात ताशी ८५च्या आसपास होतो, पाणी साचलेल्या पट्ट्यात शिरलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. पाठोपाठ इंजिनाचा आवाज चढला, म्हणजे मागची चाकं पाण्यावर नुसती फिरत होती. ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला. दोनेक सेकंदांत पकड आली. शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, पण घर येईपर्यंत दारावरचं हँडल तिने सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाकापाशी बसून टॉर्च मारला. मागच्या टायरच्या बाहेरच्या बाजूला ४.५ मिमी खाच उरली आहे, म्हणून वरवर बघून टायर चांगले वाटतात. आतल्या बाजूला मात्र जेमतेम २.५ मिमी. नवीन टायरला साधारण ८ मिमी असते. १.६ मिमी ही कायद्याची मर्यादा, पण भर पावसात ३च्या खालचा टायर मी तरी आता वापरणार नाही. साइडवॉलवरच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या) कोडचे शेवटचे चार आकडे १४१६, म्हणजे २०१६ सालच्या १४व्या आठवड्यातला माल. रबर नखाने दाबून पाहिलं तर पार कडक झालंय.

त्यात हवा मी २९ पीएसआय ठेवत होतो, राइड मऊ वाटते म्हणून. नासाने १९६३ साली विमानाच्या टायरांवरच्या प्रयोगांतून मांडलेला एक ठोकताळा आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि त्याला १६.६ने गुणायचं, की टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल त्याचा ताशी किलोमीटरमध्ये अंदाज येतो. २९ला हा वेग ९०च्या आत येतो, ३५ला ९८. कारचा टायर वेगळा असतो हे मान्य, पण कमी हवा ठेवून मी स्वतःच धोका वाढवला होता हे नक्की.

आता टायर बदलायचेच आहेत. कंपनीचे मूळ रिम माझ्याकडे आहेत. त्यावर तीन मापं बसतात:

२१५/४५आर१७, कंपनीचं माप, व्यास ६२५ मिमी.
२२५/४५आर१७, व्यास ६३४, म्हणजे दीड टक्का जास्त. ७ इंची रिम या मापाला कमीत कमी लागतं तेवढंच आहे.
२०५/५०आर१७, व्यास ६३७, जवळजवळ दोन टक्के जास्त.

माझी समजूत अशी: गाडीचं वजन आणि हवेचा दाब तोच असेल तर टायर रस्त्याला टेकतो ते क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं, बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड होतो, अरुंद टायरचा लांबट. लांबट ठशाचा पुढचा भाग पाणी बाजूला सारतो आणि मागच्या भागाला रस्ता धरायला वेळ मिळतो. हे बरोबर असेल तर २०५च घ्यायला हवा. पण मग कोरड्यातली पकड किती जाईल? आणि पाण्यात खरा फरक १० मिमी रुंदीने पडतो की रबर आणि खाचांनी?

प्रतिसाद:

तुम्ही आणि आई सुखरूप आहात हे महत्त्वाचं. समजूत बरोबर आहे, पण २४५वरून २१५वर आलात की रुंदीचा मोठा फायदा तिथेच मिळतो. पुढचे १० मिमी गौण आहेत. तिथून पुढे रबर बघा. या गाडीला कारखान्यातून मिशेलिन प्रायमसी एचपी यायचे, म्हणजे साध्या सेडानला शोभतील असे टायर. तेव्हा २१५ मापात ओल्या रस्त्यासाठीचा चांगला उन्हाळी टायर (म्हणजे बर्फाळ हिवाळ्यासाठी नसलेला) घेतलात तर कोरड्यातही मूळ गाडीपेक्षा जास्तच पकड मिळेल. युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी असते, ती 'ए' असलेलाच घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८७च्या खाली नको. २०५/५०ने व्यास वाढून स्पीडोमीटर खऱ्या वेगाच्या तुलनेत कमी दाखवू लागतो आणि गिअरही लांब पडतात. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

चारही टायर एकदम बदला. आतली बाजू झिजली आहे, म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं आहे. ते आधी करून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर थंड असताना मोजून.

धागाकर्ता:

मनापासून आभार. २१५/४५आर१७ नक्की केलं, अलाइनमेंटही करतो. आज मूळ रिम काढून धुतले तर एकाच्या आतल्या कडेला बोटाच्या पेराएवढा भाग वाकलेला दिसला. तडा दिसत नाही. अलॉय रिम असा सरळ करून घेतलेला चालतो का, की तो एक बदलूनच टाकू? कुणी केलं असेल तर जरूर सांगा, तोवर गाडी काढत नाही.