मुलीला तुळशीची माळ घातली, त्यात लोकांचं काय गेलं?

फलटणची_वाट:
सरळ मुद्द्यावर येतो. आमची मुलगी तिसरीत आहे, कार्तिकीला आळंदीत तिला माळ घातली. आमच्यात आजोबांपासून सगळे माळकरी, बायको लग्नानंतर स्वतःहून झाली आणि पोरगी कधीपासून मागं लागलेली की मला पण पाहिजे. महाराजांनी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, तिला जवळ बसवून विचारलं की बाळा मटण-अंडी सोडावी लागतील, एकादशी करायची, रोज हरिपाठ म्हणायचा, जमंल का? ती हो म्हणाली, मग घातली.

मेव्हण्यानं व्हिडिओ काढून इन्स्टावर टाकला. त्यात ती हरिपाठाचा पहिला अभंग म्हणते, बाकी काही नाही. तो कुठल्या कुठं गेला आणि खाली लोकांनी जे लिहिलंय ते वाचून बायको रात्रभर जागी. पोरीचं ब्रेनवॉशिंग केलं, पोरगी अशक्त ठेवणार, असल्या आईबापावर केस टाका, एकानं तर पोरीच्या रंगावरून लिहिलं. आणि आमची बाजू घेतो म्हणणाऱ्यांनी टीका करणाऱ्या एका बाईला इतक्या घाण शिव्या दिल्या की त्या वाचून मला जास्त लाज वाटली, विठ्ठलाचं नाव डीपीला लावून कुणाच्या आईबहिणीवर जाता येतं का हो?

माझं म्हणणं एवढंच आहे. भाषा आम्ही ठरवली, शाळा आम्ही ठरवली, लस कधी टोचायची ते ठरवलं, मग देव तेवढा अठराव्या वर्षापर्यंत कपाटात ठेवायचा? घरात जे आहे तेच मुलाला मिळतं. मी जेवायला बसताना विठ्ठल विठ्ठल म्हणणार आणि तिला म्हणणार तू ऐकू नकोस, असं होतं का कुठं?

विवेकवाट:
दादा, पोरीच्या रंगावर लिहिणारा नीचच, त्याबद्दल दुमत नाही. पण टीका करणारे सगळे एका माळेचे नाहीत हेही बघा. मी पण विरोधातच आहे आणि शिव्या न देता आहे.

तुम्ही भाषा आणि लस म्हणालात. भाषा शिकवली म्हणून दुसरी शिकायला बंदी नसते. माळ ही शपथ आहे, तुमच्याच वर्णनात तीन अटी आहेत. समोर महाराज, मागे पणजोबा हात जोडून, मामाच्या हातात मोबाईल, अशात आठ वर्षांची कुठली मुलगी नाही म्हणेल? तिचा हो खरा असेलही, पण नाही म्हणायला जागा होती का हा प्रश्न आहे. बालहक्क करारावर भारतानं १९९२ साली मान्यता दिली, त्यातलं १४ वं कलम मुलाच्या विचार आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं आहे. त्याच कलमात पालकांनी मार्गदर्शन करायचा हक्क पण मान्य केलाय, पण तो मुलाची समज जशी वाढेल त्या मानानं. म्हणजे तुमचा हक्क मी नाकारत नाही. वारीला न्या, कीर्तनाला न्या, हरिपाठ पाठ करून घ्या, फक्त आयुष्यभराचा नेम आत्ता नको.

खडू_फळा:
मी झेडपी शाळेत शिकवते, माझ्या वर्गातलं सांगते. चौथीतली मुलगी, खो-खो खेळताना माळ तुटली. मणी सगळे मैदानातल्या मुरमात. मधल्या सुट्टीत ही खिचडीचं ताट पुढ्यात घेऊन बसलेली, खाईना. विचारलं तर म्हणे गळ्यात माळ नसताना जेवायचं नसतं. रडत नव्हती, हट्ट नव्हता, अगदी शांतपणे सांगत होती आणि तेच मला जास्त लागलं. मग आम्ही दोघीतिघींनी मणी वेचले, कार्यानुभवाच्या पेटीतला दोरा काढला, ओवायला घेतले, तर तिला काळजी की मणी कमी आहेत मग ती माळ चालेल का. शाळा सुटायच्या थोडं आधी जेवली ती.

तिच्या घरचे फार चांगले लोक आहेत, कुणी तिला उपाशी रहा म्हटलं नव्हतं. मोठ्यांचं बघून तिनंच स्वतःवर लावून घेतलं. मोठा माणूस नेम सांभाळताना जरा सैल सोडतो, लहान मूल नाही सोडत. तुम्ही म्हणता घरात आहे तेच मुलाला मिळतं, बरोबर आहे, पण मुलाला ते जास्त कडक होऊन मिळतं. म्हणून मी माळेच्या विरोधात नसले तरी आठव्या वर्षी नको याच मताची आहे.

भीमाकाठ:
बाई, तुमची गोष्ट वाचून पोटात तुटलं. पण यात माळेचा दोष नाही, घरच्यांनी सांगायचं राहून गेलं. आमच्या फडात, म्हणजे वारकऱ्यांच्या मंडळात, लहान पोराच्या दप्तरात एक जादा माळ डबीत घालून देतात, आणि घालतानाच सांगतात की तुटली तर दुसरी घाल, नसली तर देवाचं नाव घे आणि जेव. पोराला उपाशी ठेवून पांडुरंगाला काय मिळणार आहे?

विवेकवाट, तुम्ही म्हणता आत्ता नको, मग कधी? अठराव्या वर्षी पोरगं शहरात हॉस्टेलला असतं, तेव्हा त्याला कोण काय देणार. वारीत या एकदा. दिवे घाटाची चढण, वरून पाऊस, आणि लहान लहान पोरं पुढं टाळ वाजवत नाचत असतात, रिंगणात अश्व पळून गेला की पोरंच आधी धावतात टापांखालची माती कपाळाला लावायला. समज यायच्या आधीचं ते असतं म्हणूनच ते जन्मभर टिकतं.

विवेकवाट:
काका, समज यायच्या आधी दिलेलं जन्मभर टिकतं, हीच तर माझी भीती आहे. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

पोळीभाजी:
अंड्यावरून जे चाललंय ते सोडा हो. डाळी, दूध, शेंगदाणे, कडधान्यं नीट खाल्ली तर पोर वाढतं, बी-१२ कडे लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरला सांगायचं आमच्यात अंडी नाहीत, झालं. २०२३ ला शाळेच्या पोषण आहारात अंडं सुरू केलं तेव्हाही नको असणाऱ्याला केळं होतंच की. मला राग याचा येतो की जे आज या पोरीच्या प्रोटीनची काळजी करतात ते, आणि जे शाळेत दुसऱ्याच्या पोराला पण अंडं मिळू देऊ नका म्हणत होते ते, दोघंही दुसऱ्याच्या ताटात बघतात.

अंगणवेल:
सगळे माळेवर भांडताय, मला व्हिडिओचं बोलायचंय. इन्स्टावर स्वतःचं खातं काढायला किमान तेरा वर्षं लागतात. आठ वर्षांच्या मुलीला तिथं पाऊल टाकायची परवानगी नाही, पण तिचा चेहरा, नाव, गळ्यातली माळ आणि मागच्या भिंतीवरचं शाळेचं प्रशस्तिपत्र तिथं हजारो लोकांनी बघितलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक धरलंय आणि कंपनीनं पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय. पण नातेवाईकच टाकत असतील तर कायदा तिथं काय करणार?

दादा, महाराजांनी तिला माळेबद्दल विचारलं. व्हिडिओबद्दल कुणी विचारलं? माझ्या मुलाचा गणपतीत अथर्वशीर्ष म्हणतानाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तर एका शब्दाच्या उच्चारावरून मोठी मोठी माणसं वाद घालत बसली. त्यानं तो वाद वाचला. त्यानंतर त्यानं कुणासमोर म्हटलेलं नाही. आता म्हणतो, फक्त अंघोळ करताना.

श्रद्धा घरात द्यायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः देते. पण जी गोष्ट तिची आणि देवाची आहे तिच्यावर परक्या माणसांनी मत द्यावं अशी सोय आपण का करून द्यायची? आणि एकदा करून दिली की फक्त कौतुकच येईल असं धरून चालता येत नाही.

इंद्रायणी_पल्याड:
आळंदीचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो, माळकरी आहे म्हणून हक्कानं बोलतो. ज्ञानोबांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या सांगण्यावरून परत संसारात आले, दोन्ही निर्णय श्रद्धेतून. सोसलं कुणी? चार पोरांनी. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं गेलं, आईबापांनी देह ठेवला तरी शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. आपण ही कथा कीर्तनात इतकी ऐकतो की त्या पोरांना कसं वाटलं असेल हे डोक्यातच येत नाही. आईबापाच्या श्रद्धेची किंमत गाव पोरांकडून वसूल करतं, तेव्हाही आणि आत्ताही.

आणि लोकांच्या बोलण्याला कंटाळून ज्ञानोबा दार लावून बसले तेव्हा ताटी उघडा म्हणून समजूत कोणी काढली, तर धाकट्या मुक्ताईनं. म्हणून फलटणकर दादा, तुमच्या घरी त्या कमेंट वाचून जागं राहण्यापेक्षा पोरीला जवळ घेऊन विचारा तिला शाळेत कोण काही बोललं का. ती काय सांगते ते महत्त्वाचं, बाकी लोक आज तुमच्यावर आहेत, उद्या दुसऱ्या कुणावर.

फलटणची_वाट:
सगळं वाचलं. माळेबद्दल माझं मत बदललेलं नाही. विवेकवाट म्हणतात नाही म्हणायला जागा नव्हती. आमच्या घरात माझ्या चुलतभावानं कॉलेजात असताना माळ काढली, आजही पंगतीला शेजारी बसतो, आजोबा त्याच्याशी पहिल्यासारखंच बोलतात. जागा आहे.

अंगणवेल ताई, तुमचं पटलं. मेव्हण्याला सांगून व्हिडिओ काढून टाकला. लोकांनी शिव्या दिल्या म्हणून नाही, पोरीचा चेहरा आहे म्हणून. खडू_फळा बाई, दप्तरात जादा माळ आजच ठेवतो आणि भीमाकाठ म्हणाले ते तिला समजावून सांगतो. शाळेत एका मुलीनं वाढदिवसाचा केक देताना हिला वगळलं असं काल कळलं, अंडं असेल म्हणून. तिला वाईट वाटलं होतं पण घरी बोलली नव्हती. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

विवेकवाट:
व्हिडिओ काढलात ते बरं केलंत. चुलतभावाचं मला सांगून उपयोग नाही दादा, पोरीला सांगा. आजोबा समोर बसलेले असताना सांगा की मोठी झाल्यावर तुला ही नको वाटली तर काढ, कुणी रागावणार नाही. हे वाक्य तिनं त्यांच्यासमोर ऐकलं तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा राहील.

फलटणची_वाट:
सांगतो. आधी आजोबांशी बोलावं लागेल, त्यांना हे सोपं जाणार नाही.