विषय: पॉल जॉन्सन यांचा शेवटचा सामना (२६ डिसेंबर २०१८) आणि ट्रिपल ऑप्शन

मंडळी, नमस्कार.

जॉर्जिया टेक या अटलांटाच्या विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे कोच पॉल जॉन्सन ११ हंगामांनंतर थांबताहेत. २८ नोव्हेंबर २०१८ ला त्यांनी तसं जाहीर केलं. शेवटचा सामना २६ डिसेंबरला डेट्रॉइटला, मिनेसोटाविरुद्ध. लिस्टवर टेकची बरीच मुलं आहेत, त्यांनी तो चुकवू नये.

त्यांच्या ट्रिपल ऑप्शनला (चेंडू तिघांपैकी कोणी न्यायचा हे ऐनवेळी ठरवण्याच्या डावपेचाला) जुनाट म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. बलाढ्य कॉलेजांइतके धिप्पाड लाइनमन (आघाडीच्या फळीत अडवणारे) टेकला मिळत नाहीत. तेव्हा जॉन्सन समोरच्या बचावातले दोघे चक्क मोकळे सोडतात. त्यांना अडवायला जे दोघे खर्ची पडले असते, ते पुढे लाइनबॅकर आणि सेफ्टीवर (मागच्या फळ्यांतल्या बचावपटूंवर) जातात. मोकळ्या सोडलेल्या दोघांचा बंदोबस्त क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा) नुसत्या नजरेने करतो.

बी-बॅक (मधला धावपटू) क्वार्टरबॅकच्या थेट मागे, जेमतेम पाच यार्डांवर. दोन ए-बॅक (कडेचे धावपटू) टॅकलच्या, म्हणजे फळीच्या टोकाच्या लाइनमनच्या, बाहेर, थोडे मागे. टाइट एंड (फळीला लागून उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा) नाहीच. स्नॅप झाला (चेंडू मागे दिला) की क्वार्टरबॅक चेंडू बी-बॅकच्या पोटाशी धरतो, पण डोळे पहिल्या मोकळ्या माणसावर. तो आत बी-बॅकवर तुटून पडला तर चेंडू काढून घ्यायचा, बाहेरच राहिला तर देऊन टाकायचा. काढून घेतला तर लगेच दुसरा मोकळा माणूस समोर येतो. तो अंगावर आला तर बाहेरून धावणाऱ्या ए-बॅककडे पिच (बाजूला फेक), नाहीतर स्वतः पळायचं. कबड्डीत चढाई करणारा कोपरारक्षकाचा पाय पाहून ठरवतो, तसंच हे.

२००८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्या अथेन्स गावी, मध्यंतराला २८–१२ मागे असताना याच खेळावर ४५–४२ जिंकले. जॉर्जियाविरुद्ध सलग सात वर्षं हार होती, ती तिथे संपली. पुढे २०१४ आणि २०१६ मध्येही त्यांना हरवलं, आणि तिन्ही विजय त्यांच्याच मैदानावर!

– अटलांटाहून

---

काका, नमस्कार.

फार छान लिहिलंत. पण बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. एक तर ती पोटाशी धरलेली देवघेव. बी-बॅकने हात आधीच आवळले किंवा क्वार्टरबॅकने निर्णयाला उशीर केला की चेंडू दोघांच्या हातात अडकतो आणि खाली पडतो. ओल्या मैदानावर तर पिचसुद्धा निसटतो. ए-बॅकने क्वार्टरबॅकच्या चार-पाच यार्ड बाहेर आणि जरा मागे राहायला हवं. तो जवळ आला तर एकच बचावपटू दोघांना धरतो, पुढे गेला तर पिच फॉरवर्ड पास ठरायची भीती.

दुसरं, थर्ड डाऊनला (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दहा यार्ड हवे असले की पंचाईत. लाइनमन पळत पुढे जाऊन पायात ब्लॉक टाकायला तयार केलेले, मागे सरकत पास फेकणाऱ्याला वाचवणं त्यांना जड जातं. आणि समोरच्याला तयारीला तीन-चार आठवडे मिळाले तर? २००८ च्या मोसमाअखेर एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) ३८–३ धुतलं होतं.

– शार्लटहून

---

ताई,

दोन्ही मुद्दे बरोबर. एरवी प्रतिस्पर्ध्याला आठवडाभरच मिळतो आणि त्यांच्या सरावसंघाला हा वेग साधत नाही. बोलच्या (मोसमाअखेरच्या खास सामन्याच्या) आधी मात्र महिना असतो. तरी २०१४ चा ऑरेंज बोल आठवा. मिसिसिपी स्टेटविरुद्ध ४९–३४, नुसत्या धावण्याचे ४५२ यार्ड. त्या संपूर्ण हंगामात सामन्यामागे सरासरी ३४२ यार्ड, देशात दुसरा नंबर.

लांबच्या थर्ड डाऊनवर जॉन्सन यांचं उत्तर असं की तिथवर जायचंच नाही. पहिल्या तीन डाऊनला प्रत्येकी साडेतीन यार्ड मिळाले तरी पुरे, आणि यार्ड-दीड यार्ड उरला तर फोर्थ डाऊनलाही खेळायचं. सेफ्टी धाव रोखायला पुढे सरकला की बाहेर रिसीव्हर (झेल घेणारा) एकटा पडतो. २००९ मध्ये डेमेरियस थॉमसने ४६ झेलांत १,१५४ यार्ड काढले ते असेच. त्या वर्षीचं एसीसी (टेकची विद्यापीठ-साखळी) विजेतेपद एनसीएएने (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) नंतर काढून घेतलं, पण टँपा शहरात क्लेम्सन विद्यापीठाला ३९–३४ हरवलेला सामना ज्यांनी पाहिला त्यांना कागदाची गरज नाही.

२६ ला चेंडूमागे धावू नका, नजर टेकच्या टॅकलवर ठेवा. तो समोरच्या माणसाला सोडून आतून पुढे निसटला की ऑप्शन आलाच. चाल फसली तर पुढची चाल नीट पाहा. धावणाऱ्याला कोणी पाडलं हे जॉन्सन हेरतात, आणि बहुतेक वेळा पुढच्या चालीत नेमक्या त्याच माणसावर ब्लॉकर धाडतात. आराखड्याचा जाडजूड तक्ता त्यांच्या हातात नसतो, सगळं डोक्यात.

यंदा पहिल्या चारपैकी तीन सामने हरूनही हंगाम ७–५ वर आणला. नवे कोच ऑप्शन ठेवणार नाहीत. टाइट एंड नसलेला संघ त्यांना मिळणार आहे, म्हणजे भरतीची दोन-तीन वर्षं सहज जातील. टेकच्या मुलांनी तोवर धीर धरावा.

– अटलांटाहून