घडीचा चाकू की अखंड चाकू : रोजच्या वापराला कोणता?

वाटसरू

पंधरा-सोळा वर्षे माझ्या खिशात घडीचा चाकू होता. गेली तीन वर्षे तो नाही. त्याच्या जागी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या म्यानात, स्वीडनमधल्या मोरा गावच्या घडणीची दहा सेंटिमीटर पात्याची सुरी असते. पाते मुठीत कायमचे बसवलेले असल्याने ते मिटण्याचा प्रश्नच येत नाही. अशा चाकूला पुढे मी सोयीसाठी ‘अखंड चाकू’ म्हणेन.

बदलाचे कारण राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरताना घडले. सॅकचा पट्टा तुटला म्हणून बांबूच्या कांबीची एक खुंटी तासत होतो. पाते बांबूत रुतले, ते सोडवण्यासाठी मी मूठ वर उचलून ओढली आणि चाकू मिटला. तर्जनीच्या मधल्या पेराला चार टाके पडले. चाकूला खटका, म्हणजे उघडे पाते जागच्या जागी अडकवून ठेवणारी कळ, होता, पण त्या खटक्यात बहुधा खिशातला धागा नि धूळ अडकून तो पुरता बसलेला नव्हता, हे मला घरी भिंगातून पाहिल्यावर कळले.

हा माझा निष्काळजीपणा होता असे कोणी म्हणेल आणि ते काही अंशी खरेही आहे. माझा आक्षेप मात्र रचनेवर आहे. चाकूवर सर्वांत जास्त ताण येतो तो पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर, आणि घडीच्या चाकूत नेमका तिथेच तीन-चार मिलिमीटर जाडीचा एक खिळा असतो. शिवाय स्वच्छतेचे काय? एकदा मे महिन्यात हापूस कापून मी चाकू नुसता पुसून मिटला. तिसऱ्या दिवशी खिशातून काळ्या मुंग्यांची रांग निघाली, कारण मुठीच्या फटीत वाळलेला रस होता आणि तो काडीने कोरूनही पूर्ण निघाला नाही. अखंड चाकू नळाखाली धरला, फडक्याने पुसला की काम संपते. ज्या चाकूने आपण खातो, तो एवढ्या सहजतेने धुता यावा ही अपेक्षा अवाजवी आहे का?

द्राक्षबाग

वाटसरू, तुमच्या बोटाबद्दल वाईट वाटले, पण त्या बोटावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे तो मला मान्य नाही.

मी तासगावकडचा बागायतदार आहे. डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर पावसाळा सरता सरता आम्ही पाचर कलमे भरतो, म्हणजे चिरलेल्या खुंटात पाचरीसारखी तासलेली काडी बसवतो, तेव्हा दिवसभर हातात एकच चाकू असतो आणि तो घडीचा असतो. कलमाचा चाकू एकाच बाजूने धार दिलेला असतो. दुसरी बाजू सपाट, कारण काडीवर तीन-चार सेंटिमीटरचा तिरका काप एका ओढीत, आरशासारखा गुळगुळीत उतरावा लागतो. काप खडबडीत झाला किंवा दोन ओढीत झाला की खुंट आणि काडी यांच्यात पोकळी राहते आणि कलम वाळते. एवढी नाजूक धार एका वेलीपासून दुसऱ्या वेलीपर्यंत, तारांमधून वाकून जाताना, सिकेटर (छाटणीची कात्री), सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या गर्दीत सांभाळायची असेल, तर ती मुठीत मिटण्यासारखा दुसरा उपाय नाही. म्यान आहे, हे मला ठाऊक आहे. पण म्यानातून शंभर वेळा काढा-घाला केलेले पाते संध्याकाळपर्यंत म्यानाच्या तोंडाला घासून घासून धार गमावते, आणि म्यानाच्या तळाशी चीक साठतो तो निराळाच.

तुम्ही मुंग्यांचे सांगितले म्हणून म्हणतो : तुमच्या त्या म्यानाच्या आत शेवटचे कधी पाहिले होते? घडीच्या चाकूची फट निदान उजेडात धरून पाहता तरी येते. आम्ही प्रत्येक वेलीनंतर पाते स्पिरिटने पुसतो. पुसलेले पाते न पुसलेल्या म्यानात घातले, तर त्या पुसण्याला अर्थ काय राहिला?

आणि बांबू तासणे हे घडीच्या चाकूचे काम नव्हेच. त्यासाठी कोयता आहे.

आकडी

तुम्हा दोघांच्या वादात म्यानाला फारच महत्त्व आले आहे, म्हणून कोकणातून दोन शब्द.

आमच्याकडे रोजचा चाकू म्हणजे कोयती, आणि ती अखंडच असते. कमरेला दोरीने लाकडाची आकडी बांधलेली असते, तिच्यात कोयती मागच्या बाजूला लटकते. म्यान नाही, खटका नाही, धार उघडी. माझे आजोबा या अवस्थेत माडावर चढत आणि शेंड्यात पोचल्यावर न बघता मागे हात नेऊन कोयती काढत. एका हाताने झावळ धरलेली असताना दुसऱ्या हाताने घडीचा चाकू उघडून दाखवावा, अशी मी द्राक्षबागवाल्यांना नम्र विनंती करतो. तुमची द्राक्षे छातीच्या उंचीवर येतात, म्हणून तुम्हाला दोन्ही हात मोकळे मिळतात.

पावसाळ्यात गड्याच्या कमरेवरची कोयती रात्री काढली की ती चुलीजवळच्या भिंतीला अडकवली जाते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस गंज दिसला, तर दगडावर दोन वेळा घासतात आणि कामाला जातात. हा चाकू धुवायचा, तेल लावायचा, असा कुणी विचारही करत नाही. साधा असण्याचा एवढा मोठा फायदा आहे.

ठाणेकर

आकडीदादा, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार, पण ती आकडी कमरेला बांधून मी सकाळी आठ बावन्नच्या लोकलला चढू शकत नाही.

रोजचा वापर म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. माझ्या रोजच्या वापरात डब्यातले सफरचंद, कुरियरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, कुर्त्याचा सुटलेला धागा आणि कधीतरी मैत्रिणीच्या चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू येतो. या चार कामांना मिळून माझ्याकडे लाल मुठीचा एक स्विस चाकू आहे, त्याचे पाते जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटरचे आहे आणि त्यातल्या कात्रीचा वापर मी पात्याच्या दुप्पट करते. हा चाकू पाहून आजवर कोणी दचकलेले नाही. तुमची दहा सेंटिमीटरची सुरी मी कचेरीत टेबलावर ठेवली तर शेजारचे कर्मचारी खुर्ची मागे घेतील.

यात अन्याय आहे हे मला कळते, कारण आपल्याकडे बदनाम झाला तो खरे तर घडीचाच चाकू. रामपुरी म्हटले की डोळ्यांसमोर गुंड उभा राहतो, आणि ‘खटक्याचा चाकू’ हा शब्द वर्तमानपत्रात गुन्ह्याच्या बातमीशिवाय क्वचितच येतो. तरी लोकांची नजर वस्तूच्या रचनेवर नसते, तिच्या रूपावर असते. लहान, लाल आणि कात्रीसकट असलेला चाकू त्यांना खेळणे वाटतो.

कायद्याचेही थोडे पाहिलेले बरे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, त्यातून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले आहेत. म्हणजे वाटसरूंची सुरी आणि माझा चाकू दोन्ही त्या मापाच्या खूप आत आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश सणासुदीला आणि निवडणुकीला निघतात, त्यांत ‘सोटे, भाले, तलवारी, सुरे’ अशी यादी असते, आणि बंदोबस्तावरच्या शिपायाशी ‘सुरा’ आणि ‘सुरी’ यांतला फरक या विषयावर चर्चा करण्याची माझी तयारी नाही.

वाटसरू

ठाणेकरताई, खेळणे वाटणे हा चाकूचा गुण म्हणून मोजायचा का, याबद्दल मी साशंक आहे. शहराच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे मी मान्य करतो. मी स्वतः लोकलने जातो तेव्हा सुरी सॅकच्या तळाशी, डब्याच्या खाली असते. पण मग ती हाताशी नसते, हेही कबूल करायला हवे.

द्राक्षबाग, म्यानाच्या आत मी काल रात्री विजेरी घेऊन पाहिले. तळाशी वाळलेली माती, एक गवताचे कुसळ आणि लिंबाच्या सालीचा तुकडा निघाला. हा गुण तुमचा. मात्र त्या म्यानाला खाली पाणी निघून जाण्यासाठी छिद्र आहे, ते नळाखाली धरले की धुऊन निघते. चाकूच्या मुठीची फट तशी धुऊन निघत नाही.

निवृत्त फिटर

छत्तीस वर्षे कारखान्यात काढल्यामुळे सांध्यांविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

वाटसरूंनी सांध्यातल्या खिळ्याला दोष दिला आहे. तो खिळा त्यांच्या बोटाला जबाबदार नाही. घडीच्या चाकूने कापताना धारेवर जो दाब येतो, तो पात्याला उघडण्याच्या दिशेने ढकलतो, मिटण्याच्या नव्हे. पाते पाठीमागच्या अडणीवर घट्ट टेकते. म्हणूनच न्हाव्याचा वस्तरा कोणत्याही खटक्याविना पिढ्यान्‌पिढ्या चालला. पाते मिटते ते तीनच वेळा : टोकाने भोसकताना, पाठीवर ठोकताना आणि रुतलेले पाते मूठ उचलून ओढताना. वाटसरूंनी यातले तिसरे केले. रुतलेले पाते आले तसेच, त्याच रेषेत मागे घ्यायचे असते.

स्वित्झर्लंडच्या सैन्याला १८९१ मध्ये जो घडीचा चाकू मिळाला, त्यात पाते, भोके पाडायची आरी, डबा उघडण्याचे हत्यार आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस होता. पाते आवळून धरणारा खटका नव्हता, फक्त स्प्रिंगचा ताण होता. सैनिकांची बोटे शाबूत राहिली, कारण तो चाकू पाव, चीज आणि डबे यांच्यासाठी होता आणि तो तसाच वापरला जाई.

खटका ज्यांना हवाच, त्यांनी फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल पाहावा. १८९० पासून बनतो, आणि १९५५ पासून त्याच्या गळ्याशी पत्र्याची एक फिरती कडी आहे. कडी फिरवली की पाते बंद होऊ शकत नाही. आत काही लपलेले नाही, बसली आहे की नाही ते डोळ्यांनी दिसते. माझ्याकडचा आठ क्रमांकाचा आहे, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. दोषही सांगतो. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असल्याने आपल्या जुलै महिन्यात ती फुगते आणि पाते आत चिमटले जाते, नखाने उघडत नाही. मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर आपटले की पाते थोडे बाहेर येते. तिकडचे शेतकरीही तसेच करतात. मी तर मूठ सुटी करून जवसाच्या तेलात भिजवून ठेवली होती. फरक पडला, पण पुरता नाही.

आकडी यांच्या कोयतीबद्दल एक शंका. तिच्यावर गंज चालतो, कारण ती नारळ सोलते. त्याच लोखंडाने कैरी कापून पाहा. फोडी काळ्या पडतील आणि तोंडाला लोखंडाची चव येईल. अखंड असणे आणि साधे पोलाद असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, त्यांची गल्लत होऊ नये.

आकडी

फिटरसाहेब, कैरी कापायला घरात विळी आहे. ती तर पाटालाच जडवलेली आणि वर पायाने दाबून धरलेली. तिच्याइतके अखंड पाते दुसरे कुठले नाही. दोन्ही हात कैरीवर राहतात, पाते जागचे हलत नाही.

वाटसरू

फिटरसाहेब, उघडण्याच्या आणि मिटण्याच्या दिशेचे तुमचे स्पष्टीकरण मी कागदावर आकृती काढून तपासले आणि ते बरोबर आहे. माझ्या बोटाचा दोष खिळ्याकडून काढून मी मनगटाकडे देतो.

तरीही माझे मत पूर्णपणे बदललेले नाही. तुमचा नियम लक्षात ठेवणारा हात ताजा असावा लागतो. संध्याकाळचे पाच वाजलेले, पाणी संपलेले, सोबतचा मुलगा रडकुंडीला आलेला आणि सॅक एका खांद्यावर, अशा वेळी पाते कोणत्या रेषेत मागे घ्यायचे हे मला आठवत नाही. तेव्हा न आठवताही जे सुरक्षित राहते, ते मला हवे आहे. शहरासाठी मी ठाणेकरताईंसारखा एक लहान चाकू घेईन. डोंगरात मात्र सुरीच.

द्राक्षबाग

वाटसरू, डोंगरापुरते मी सोडून देतो. पण बागेपुरते सोडणार नाही. यंदा कलमाच्या दिवसांत इकडे या, सुरी घेऊन या. शंभर काड्या तुम्ही तुमच्या सुरीने काढा, शंभर मी माझ्या चाकूने काढतो. काप आमचा जुना कलम करणारा कामगार पाहील. त्याच्याकडे तिसराच चाकू आहे, अर्ध्या हॅकसॉ ब्लेडला घासून धार दिलेली आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मिटतही नाही, म्यानही नाही. हा चाकू तो टोपीच्या घडीत खोचतो.